पॅरींच्या जिन्यातली उसनी तार

मित्रांनो, मला दोन टोकं आहेत, त्यांच्यामध्ये हातभर वायर आहे आणि पोटात शेंगदाण्याएवढा एक दिवा आहे. एक टोक तारेला लावायचं, दुसरं अर्थिंगला. दिवा लागला तर तार जिवंत. नाही लागला तर मेलेली. मी एक जुना टेस्टर आहे. मला आपणहून बोलता येत नाही, कुणी विचारलं तरच मी सांगतो. आज तुम्ही विचारलंत.

जिवंत आणि मेलेली हे शब्द माझ्या पदरचे नाहीत. वायरमन मंडळी तसंच बोलतात. चहात बिस्कीट बुडवता बुडवता ‘ही मेली का बघ’ असं म्हणतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला मात्र पहिल्यापासून थोडी धास्ती वाटायची. मेलेल्या तारेला टोक लावलं की पलीकडून काहीच येत नाही, आणि ते काहीच नसणं मला अगदी जवळून कळतं. असं मी हजारो वेळा अनुभवलं आहे. त्याची सवय होत नाही.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथे बायका रांगेत बसून आमच्या पोटात दिवे बसवायच्या. शेवटी जाड चष्म्याची एक बाई प्रत्येकाला एकदा जिवंत तारेवर आणि एकदा मेलेल्या तारेवर टेकवून बघायची. जिवंतावर मी लागलो, मेलेल्यावर गप्प राहिलो. “हा काही खोटं बोलायचा नाही,” असं म्हणून तिने मला खोक्यात टाकलं. केवढा फुगलो होतो मी त्या दिवशी!

खोकं डोंगरातल्या एका गावात पोचलं. उत्तर वेल्समधलं स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, खाणींचं गाव ते. घरं काळी, छपरं काळी, मागचे दगडांचे ढीग काळे, आणि वरून बारा महिने पाऊस. त्या गावात पॅरी आणि प्यू आणि जोन्स इतके आहेत की आडनावाने हाक मारली तर अर्धी गल्ली वळून बघते. म्हणून माणसाला त्याच्या धंद्यावरून ओळखतात. पाववाला ह्यू, कोळसेवाला टॉम. तसा मला विकत घेणारा इद्वल प्यू हा ‘इद्वल दिवेवाला’.

इद्वलचे दोन नियम होते. पहिला असा, की आधी मला एखाद्या जिवंत तारेवर लावून बघायचं, मग मेलेल्या तारेवर, आणि मग परत जिवंत तारेवर. कारण टेस्टरच बिघडला असेल तर तो जिवंत तारेलाही मेली म्हणेल. दुसरा नियम त्याचा स्वतःचा होता. तारेकडे एकदा पाठ फिरली की, मग ती पक्कड उचलण्यापुरती का असेना, हात लावण्याआधी परत विचारायचं. त्याची मुलगी तेगवेन लहानपणी शाळा सुटली की कामावर त्याला डबा द्यायला यायची. तो तिला म्हणायचा, “तेगवेन, माणूस जिन्याखाली जाऊन येईपर्यंत घरात काय काय घडतं ते आपल्याला ठाऊक असतं का? पाठ फिरली की परत विचार.” ती हसायची आणि म्हणायची, “बाबा, तार कुठे पळून जाते का?”

तो मला सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचा, अगदी छातीवर. रविवारी देवळातसुद्धा मी तिथेच असायचो. त्याच्या छातीची धडधड मला पाठ होती.

मित्रांनो, इथवर सगळं चांगलं चाललं होतं. आता एकोणनव्वद सालचा नोव्हेंबर सांगतो.

वरच्या गल्लीत नेस्टा पॅरी आणि तिचा नवरा एमलिन राहायचे. एमलिनने तीस वर्षं खाणीत स्लेट फोडली होती आणि ती धूळ आता त्याच्या छातीत बसली होती. वरच्या मजल्यावर पुढच्या खोलीत तो पडून असायचा. रोज दुपारी चार वाजता नेस्टा त्याच्यासाठी चहा घेऊन वर जायची. आमच्याकडे हिवाळ्यात चार वाजता दिवेलागण होते, आणि जिन्यावरच्या दिव्याचं बटण होतं फक्त वर. म्हणजे अंधारात कप सांभाळत चढायचं आणि वर पोचल्यावर जिन्यात उजेड करायचा. दोनदा ती चहासकट पडली. तेव्हा तिने इद्वलला बोलावलं.

“खाली एक बटण बसवून दे बाबा मला,” ती म्हणाली. “एवढंसं तर काम आहे.”

काम एवढंसं नव्हतं. नीट करायचं तर खालच्या बटणापासून वरपर्यंत नवीन तार न्यायला हवी होती, आणि तिची वाट एमलिनच्या पलंगाखाली जमिनीला ठोकलेल्या फळ्यांमधून जात होती. इद्वल खोलीत गेला, वाकून फळ्यांकडे बघू लागला. एमलिनला बोलताना धाप लागायची, पण जिभेची धार गेली नव्हती.

“काय रे दिवेवाल्या,” तो म्हणाला, “माझ्या खालची जमीन काढायला आलास का? थांब की जरा. आठवडाभरात मीच जातोय जमिनीत.”

इद्वलला हसू आलं नाही. “झोप तू, एमलिन,” तो म्हणाला. “मी वरनं काढतो वाट.”

आणि तो माळ्यावर चढला. आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. घरात खालचे दिवे वेगळे आणि वरचे दिवे वेगळे, दोघांचे फ्यूजही वेगळे. वीज एका तारेने दिव्यात येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते, त्या परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. इद्वलने जिन्यावरच्या दिव्याला वीज खालच्या दिव्यांकडून आणली आणि परतीची तार मात्र वरच्या दिव्यांची उसनी घेतली. दिवा झकास लागला. पण उद्या कुणी वरचा फ्यूज काढला, वरचं सगळं मेलं असं समजून ती परतीची तार सोडवली, आणि नेमकं तेव्हाच खाली कुणी बटण दाबलं, तर खालची वीज दिव्यातून चालत येऊन त्या माणसाच्या हातात उभी राहील. इद्वलला हे माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्याने जॉइंटवर लाल टेप गुंडाळली, कानावरची पेन्सिल काढली आणि शेजारच्या वाशावर लिहिलं: ‘तात्पुरतं. उद्या. इ. प्यू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच आला. पिशवीत पक्कड, नवीन तार, आणि खिशात मी. पॅरींच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. आमच्याकडे घरात माणूस गेलं की पडदे ओढतात. इद्वल दारात बराच वेळ उभा राहिला, टोपी काढली, आणि पिशवी घेऊन घरी गेला. तीन दिवसांनी एमलिनला खांदा देणाऱ्यांत तो होता. मी खिशातच होतो. त्याच्या छातीची धडधड त्या दिवशी वेगळी होती.

त्यानंतर ‘उद्या’ काही आला नाही. ज्या घरातून माणूस नुकतं गेलं तिथे जाऊन त्याच्या पलंगाखालच्या फळ्या उचलायच्या कशा? महिना गेला, मग वर्ष गेलं. पुढे पुढे इद्वलला ते आठवत नसावं असं मला वाटायचं. पण देवळात नेस्टा पुढच्या बाकावर बसली की माझ्याखाली ती धडधड वाढायची. मला सगळं माहीत होतं, मित्रांनो. आणि मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

दोन हजार पाच साली कायदा आला. घरातलं विजेचं काम आता कुणीही सोम्यागोम्याने करायचं नाही. परीक्षा द्या, नाव नोंदवा, मोठं काम असेल तर सरकारदरबारी कळवा, लहान असेल तरी तपासून प्रमाणपत्र लिहून द्या, आणि वर्षातून एकदा निरीक्षक येऊन तुमचं काम आणि कागद बघणार. इद्वल तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता.

“परीक्षा?” तो गरजला. “अख्ख्या गावात दिवे लावले मी! माझी परीक्षा घेणाऱ्याच्या आईच्या स्वयंपाकघरातलं बटण मी बसवलंय!”

“म्हणूनच घेतायत बाबा,” तेगवेन म्हणाली. “ते बटण त्यांनी बघितलं असणार.”

परीक्षा तेगवेनने दिली. नाव तिचं लागलं. इद्वलने मला स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलं, मेणबत्तीचे तुकडे आणि बिनकुलपाच्या किल्ल्यांशेजारी. तेगवेनकडे एक पिवळा टेस्टर आला होता. तो आकडे दाखवायचा, शिट्टी वाजवायचा. माझी काही त्याच्याशी बरोबरी नव्हती. मी सात वर्षं त्या खणात पडून होतो.

त्या सात वर्षांत इद्वलचं एकेक विसरायला लागलं. आधी नावं, मग वाटा, मग बायको जाऊन किती वर्षं झाली ते. पण मधूनच तो खण उघडायचा, मला उचलायचा, आणि माझं एक टोक उजव्या तळहाताला, दुसरं डाव्या तळहाताला लावायचा. मग माझ्या दिव्याकडे टक लावून बघत बसायचा. माणसाच्या अंगावर मी लागत नाही, मित्रांनो. “काही नाही,” असं म्हणून तो मला परत ठेवायचा. ते ऐकून मला कसंसंच व्हायचं.

दोन हजार बाराच्या नोव्हेंबरात एका सकाळी खण उघडला आणि मी थेट तेगवेनच्या पिशवीत पडलो.

“हा घेऊन जा,” इद्वल म्हणाला.

“कशाला बाबा? माझ्याकडे आहे की.”

“पॅरींकडे चाललीस ना?”

तेगवेन थबकली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

इद्वल खिडकीतून दगडांच्या ढिगाकडे बघत होता, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तेगवेनने त्याचं मन मोडायला नको म्हणून मला राहू दिलं.

नेस्टाला मागच्या खोलीत उशाशी एक दिवा हवा होता. तिथे ती झोपायची. पुढच्या खोलीचं दार बंद होतं. ती आता एक्याऐंशी वर्षांची झाली होती, आणि तेगवेनने कागदांची फाइल काढलेली बघून तिचा पारा चढला.

“एका दिव्याला एवढे कागद? पोरी, मी लग्न केलं तेव्हा एकच होता. एमलिनला पुरलं तेव्हा दोन.”

“मावशी, हे लहान काम आहे म्हणून एकच पान आहे. मोठं असतं तर तुला चष्मा लागला असता.”

“चष्मा आहे की मला! लिहिलंय काय त्यात?”

“मी काय केलं, ते नीट आहे का, अर्थिंग लागतंय का. आणि शेवटी एक रकाना. जुन्या कामात काही दोष दिसला तर इथे लिहा, असा.”

“दोष कसला? हे सगळं काम इद्वलचं आहे.”

“मग तर चांगलंच असणार,” असं म्हणून तेगवेन हसली.

तिने वरचा फ्यूज काढला आणि खिशात टाकला, म्हणजे कुणी चुकून परत बसवू नये. पिवळा टेस्टर नियमाप्रमाणे आधी जिवंत प्लगवर लावला. तो गप्प. त्याची बॅटरी संपली होती. नियम नसता तर ती त्याला घेऊन तशीच वर गेली असती. ती थोडी चरफडली, पिशवीत हात घातला, आणि सात वर्षांनी मला कुणीतरी जिवंत तारेवर टेकवलं. काय सांगू! मी लख्ख लागलो.

माळ्यावर धूळ होती, पावसाचा आवाज होता आणि तिच्या डोक्यावरच्या बॅटरीचा गोल उजेड होता. तिने झाकण उघडून तारांना मला लावलं. सगळ्या मेलेल्या. मी खरंच सांगितलं, त्या घटकेला त्या मेलेल्याच होत्या. खाली जाऊन तिने मला परत जिवंतावर बघितलं, वर आली, आणि परतीच्या तारांचा जॉइंट सोडवला. त्यावर जुनी लाल टेप होती. मी ती टेप ओळखली. तेगवेनने ओळखली नाही, कारण दर तिसऱ्या घरात कुठे ना कुठे असली टेप असतेच.

मग तिला नवीन तारेचं वेटोळं हवं होतं. ते खाली राहिलं होतं. मला तिथेच वाशावर ठेवून ती शिडीवरून उतरली.

खाली घड्याळात चारचे ठोके पडले. आणि खालचं बटण टक्कन वाजलं.

तेवीस वर्षं झाली, मित्रांनो, तरी नेस्टा रोज चार वाजता तो दिवा लावायची. आज दिवा लागला नाही. वीज बंद आहे म्हणून नसेल लागला, असं तिला वाटलं. बटण तसंच राहिलं आणि ती अंधारात चहा घेऊन हळूहळू चढू लागली. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून वाजत होत्या. माझ्यापासून बोटभर अंतरावर ती सोडवलेली तार होती. तिच्यात काहीतरी आलं आहे हे मला कळत होतं. मी तिला टेकलेला नव्हतो. मी ओरडलो असतो, पण मला ओरडता येत नाही.

जिन्याच्या डोक्यावर दोघींची गाठ पडली. तेगवेनने कपासाठी हात पुढे केला.

“तुझा खाली ठेवलाय,” नेस्टा म्हणाली. “हा एमलिनचा.”

तिने पुढच्या खोलीच्या बंद दारापाशी कप जमिनीवर ठेवला, दारावर बोटाने दोनदा वाजवलं, आणि उतरून गेली. तेगवेन तशीच बघत राहिली. मग खांद्यावर वेटोळं अडकवून ती वर आली. तिचं लक्ष त्या कपाकडेच होतं. चिमट्यासारखी दोन बोटं करून तिने तारेकडे हात नेला. आता दोन इंच राहिले. आता एक.

हात थांबला. “पाठ फिरली,” ती स्वतःशीच पुटपुटली, आणि मला उचललं.

माझं टोक तारेला लागलं आणि मी पेटलो. आयुष्यात इतका कधी पेटलो नव्हतो.

तेगवेन मागे सरकली ते माळ्याच्या छपरावर डोकं आपटेपर्यंत. तिने खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता. वरची वीज तिच्या खिशात होती आणि मेलेली तार जिवंत होती. पावसाचा आवाज सोडला तर घरात काही आवाज नव्हता. खाली दारापाशी तो कप वाफाळत होता.

“मावशी!” तिचा आवाज फाटला. “तू काही चालू केलंस का ग?”

“नेहमीचं बटण दाबलं,” खालून आवाज आला. “चार वाजले ना. लागलाच नाही मेला.”

“बंद कर. हात लावू नकोस परत.”

टक्. तिने मला पुन्हा लावलं. काही नाही. मग तिने बॅटरीचा उजेड हळूहळू फिरवला, टेपवर, तारेवर, आणि शेजारच्या वाशावर. ‘तात्पुरतं. उद्या. इ. प्यू.’ ते अक्षर तिने शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सहीत पाहिलेलं होतं. ती तिथे खूप वेळ बसली. एकदा तिने अंगठा थुंकीने ओला करून त्या अक्षरांवर नेला. पेन्सिलच होती. दोन वेळा घासली असती तर गेली असती. पण तिने अंगठा मागे घेतला.

तार नीट करायची तर फळ्या उचलायला हव्यात, हे खाली स्वयंपाकघरात तिने नेस्टाला सांगितलं. नेस्टाने चहाचा कप आपटला.

“त्या खोलीत नाही. दिवा नको मला. कागद नको. काहीच नको.”

“मग जिन्यावरचा दिवा सोडवून ठेवावा लागेल मावशी. असा ठेवून मी सही करणार नाही.”

“मग अंधारात चढेन. चढलेय की आधी.”

घरी तेगवेनने इद्वलसमोर रश्शाची वाटी ठेवली आणि शेजारी तो अर्धवट कागद. पत्ता अजून लिहिला नव्हता. फक्त शेवटचा रकाना भरला होता. इद्वलने चष्मा लावून तो वाचला. कामाचं असलं की त्याला अजून सगळं समजायचं.

“उसना न्यूट्रल?” त्याचा आवाज चढला. “जिन्यावर? कुणी केलं हे?”

“जुनं काम आहे बाबा.”

“जुनं म्हणून काय झालं? अशाच्या हातात पक्कड देऊ नये! कुणाची तरी पोरगी मरायची हात लावून. नाव लिहिलंस त्याचं?”

“नाही.”

“का? ओळखीतला आहे वाटतं.”

“हो,” तेगवेन म्हणाली.

“मग तर लिहायलाच हवं.”

त्याने रस्सा संपवला. वाटी चमच्याने खरवडली. तेगवेन मान खाली घालून बसली होती. मग अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं अशा आवाजात तो म्हणाला, “पण एमलिनचा डोळा लागला असेल तर फळ्या उद्या उचल हं.”

तेगवेनने त्याच्याकडे पाहिलं. एमलिनचं नाव तिने घेतलं नव्हतं. फळ्यांचंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याला बरोबर घेऊन गेली. मी त्याच्या खिशात होतो, जुन्या जागी. नेस्टाने दार उघडलं, आधी तेगवेनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“दिवेवाल्या,” ती म्हणाली, “किती उशीर केलास.”

“काल आलो होतो ग,” इद्वल म्हणाला. “पडदे ओढलेले होते.”

नेस्टाने दाराची चौकट धरली. मग ती वळली, जिना चढली, आणि तिने आपल्या हाताने पुढच्या खोलीचं दार उघडलं. आत पलंग होता, पांघरूण घडी केलेलं होतं, उशीला मधोमध थोडा खड्डा होता. इद्वलने उंबऱ्यावर टोपी काढली.

“एमलिन,” तो म्हणाला, “जरा आवाज होईल हं. लगेच आटपतो.”

नेस्टा तिथे जिन्यावरच बसली आणि तोंडाला एप्रन लावून रडली. तेवीस वर्षांत इतकं रडले नव्हते, असं नंतर तिनेच सांगितलं. तेगवेनने मला तीनदा विचारलं, फळ्या उचलल्या, तार नेली, उसनी तार ज्याची त्याला परत दिली. चार वाजता नेस्टाने खाली बटण दाबलं आणि जिना उजळला. त्या दिवशी तिने आधी दोन कप भरले, इद्वलचा आणि तेगवेनचा. आणि मग स्वतःसाठी तिसरा.

कागदावर शेवटच्या रकान्यात तेगवेनने लिहिलं: ‘जिन्यावरच्या दिव्याची परतीची तार दुसऱ्या फ्यूजकडची होती. काम इद्वल प्यू यांचं, तात्पुरतं. आज पूर्ण केलं.’ इद्वलने ते वाचलं, त्या नावावरून बोट फिरवलं आणि कागद परत दिला.

मित्रांनो, लहान कामाला लहान समजू नका. त्याचा कागद नीट लिहा, आणि ज्याचं चुकलं असेल त्याचं नाव आपल्या माणसाचं असलं तरी लिहा. ‘उद्या’ असं लिहून ठेवलेलं काम भिंतीत जागं राहतं. आणि पाठ फिरली की परत विचारा. मला विचारा, नाहीतर माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला. आम्हाला त्याचा कंटाळा येत नाही.

आता एकच राहिलं. फळ्या उचललेल्या असताना तेगवेनने मला पलंगावर ठेवलं होतं. माझं एक टोक लोखंडी कडेला टेकलं होतं, दुसरं उशीवरच्या त्या खड्ड्यात. फ्यूज दोन्ही काढलेले होते, दोन्ही तिच्या खिशात. तरी माझ्या पोटातला दिवा लागला. अगदी फिका, एका श्वासापुरता. तेगवेन खाली वाकलेली होती. इद्वलने मात्र पाहिलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मला हलकेच उचलून खिशात घातलं.

त्या कागदात उशीसाठी रकाना नव्हता. निरीक्षकाने विचारलं नाही, तेगवेनने विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं.